वाहक

आमच्या पाच गर्भांच्या रिपोर्टवर पाच ओळी होत्या. एक नंबर वाहक. दोन नंबर बाधित. तीन नंबर वाहक. चार नंबर बाधित. पाच नंबर सामान्य.

नागपूरच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी तो कागद तीनदा वाचला. 'बाधित' म्हणजे माझा दादा. 'वाहक' म्हणजे मी, माझा नवरा, माझी आई, माझे बाबा. 'सामान्य' म्हणजे कोण, ते काही डोळ्यांसमोर येईना. आमच्या घरात तसं कोणी नव्हतंच.

आम्ही नागभीड तालुक्यातले. धानाचा पट्टा, झाडीपट्टी. इकडे सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, कुठल्याही गावात जा, 'सिकलवाला' म्हटलं की लोकांना कळतं. तो एका जातीचा आजार नाही. आदिवासींत आहे, दलितांत आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवण्याची कृती अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. तिच्यातलं एक अक्षर बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की गोल, मऊ तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या, ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि तिथून पुढचं रक्त थांबतं. आई आणि बाबा दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तर आजार होतो. एकाकडूनच आली तर माणूस वाहक, म्हणजे ठणठणीत. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता बाधित मुलाची, दोन वाहकाच्या आणि एक दोन्ही प्रती चांगल्या असण्याची.

दादा आठ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांची बोटं सुजली. विंचू चावला असेल म्हणून आधी उतरवून आणलं होतं. पुढे त्याचं दुखणं थंडीबरोबर यायचं. धानाची कापणी सुरू झाली की आईच्या चेहऱ्यावर वेगळीच काळजी दिसायची. त्याच दिवसांत गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, आणि रात्रभराची नाटकं असतात, आणि दादा नाटकासाठी वेडा होता. थंडी लागली की दुखणं उठणार हे त्याला माहीत होतं, आम्हालाही. तरी तो घोंगडं घेऊन जायचा, पहाटे परत यायचा आणि दुपारपर्यंत अंथरुणात तळमळत पडायचा. हाडात कोणी खिळा ठोकतंय असं म्हणायचा. आई रात्रभर गरम कपड्याने शेकायची. एका दवाखान्यात तर डॉक्टरांनी त्याच्या तोंडावर सांगितलं की हा सोंग करतो, इंजेक्शनची सवय लागली आहे. दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्यानंतर तो दुखणं लपवायला लागला, आणि तेच अंगाशी आलं. बावीसाव्या वर्षी डिसेंबरमध्ये ताप आणि छातीत दुखणं तीन दिवस त्याने कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी गाडी उमरेडच्या अलीकडे होती तेव्हा तो गेला.

त्याच्यामुळे घरात सगळ्यांची तपासणी झाली, आणि मी वाहक असल्याचं माझं कार्ड तयार झालं. त्या कार्डाने माझं पहिलं लग्न जुळता जुळता मोडलं. मुलगी चांगली आहे, पण सिकलवाली आहे, असा निरोप मध्यस्थाकरवी आला. मी आजारी नव्हते. डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा घेऊन चिखलातून चालत होते. त्या मुलाची तपासणी कोणीच केली नव्हती. तो वाहक नसता तर माझ्या कार्डाने काहीही बिघडलं नसतं. दोघांचं रक्त मिळून प्रश्न तयार होतो आणि कार्ड मात्र मुलीचंच मागतात, हे मी आमच्या भागात इतक्या वेळा पाहिलं आहे की त्यावर शांतपणे लिहिणं मला जमत नाही.

आताच्या नवऱ्याशी जुळलं तेव्हा मीच तपासणीचा हट्ट धरला. तोही वाहक निघाला. त्याच्या मामांनी सोयरीक मोडायला सांगितलं, त्याने मोडली नाही. अकराव्या आठवड्याच्या आसपास वारेचा नमुना तपासता येतो, तेव्हा बघू, असं आम्ही ठरवलं होतं. पण तिथपर्यंत पोचलोच नाही. पाच वर्षं दिवसच गेले नाहीत. दोन्ही नळ्या बंद असल्याचं निघालं, बहुधा जुन्या टीबीमुळे. म्हणजे आयव्हीएफ, प्रयोगशाळेत गर्भ तयार करून पोटात ठेवणं. आणि आयव्हीएफ करायचंच आहे तर गर्भ आधी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सुचवलं. त्याला पीजीटी-एम म्हणतात.

ही तपासणी कशी करतात ते मला तिथल्या समुपदेशक बाईंनी कागदावर काढून दाखवलं. प्रयोगशाळेत गर्भ पाच दिवस वाढवतात. तोवर त्यात शंभराच्या वर पेशी होतात. आतला पुंजका म्हणजे पुढचं बाळ, बाहेरचा थर म्हणजे पुढची वार. त्या बाहेरच्या थरातल्या पाच ते दहा पेशी लेसरने अलग करतात आणि गर्भ उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. पेशी लॅबला जातात, रिपोर्ट काही आठवड्यांनी येतो. पण इतक्या थोड्या पेशींत एक अक्षर वाचताना चूक होऊ शकते. म्हणून त्या अक्षराच्या आजूबाजूच्या खुणाही वाचतात, आणि त्या खुणा ओळखायला घरातल्यांचं रक्त लागतं. "घरात कोणी बाधित आहे का? त्यांचं रक्त सगळ्यात उपयोगाचं असतं," बाईंनी विचारलं.

मी गप्प राहिले. आई शेजारीच होती. तिने लुगड्याचा पदर सावरला, हात पुढे केला आणि म्हणाली, "तो नाई ना आता. माह्यं घ्या."

आईचं घेतलं, बाबांचं घेतलं, सासू-सासऱ्यांचंही घेतलं. त्या रक्तातून आणखी एक गोष्ट कळली. माझ्यातली बिघडलेली प्रत बाबांकडून आलेली होती. दादाला दोघांकडून मिळाली होती, हे तर उघडच होतं. पण चाळीस वर्षं आईने सासरी 'तुझ्या माहेरचं रक्त' हे ऐकून घेतलं होतं. मी तिला सांगितलं तेव्हा ती बाहेर धान पाखडत होती. सूप खाली ठेवून थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "तुह्या बाबाले नको सांगू आता." आणि पुन्हा पाखडायला लागली.

सासूबाईंना हे सगळं कसं समजवायचं याचा मला प्रश्न पडला होता. नवऱ्याने ते पटकन केलं. पेरणीच्या आधी आम्ही दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवतो आणि बियाणं त्यात सोडतो. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला तळाशी बसतो. वरचा काढून टाकायचा, खालचा दोनदा साध्या पाण्याने धुऊन पेरायचा. "मंजे मिठाच्या पान्यातलं धान," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही.

कारण दोन नंबर. रिपोर्ट यायच्या आधी, गर्भ गोठवले त्या दिवशी, लॅबमधल्या मुलीने मला पडद्यावर फोटो दाखवले होते. दोन नंबरवर बोट ठेवून ती आनंदाने म्हणाली होती, "मॅडम, हा बघा, सगळ्यात सुंदर. पूर्ण उमललाय." आणि तोच बाधित निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली सिकल दिसत नाही. तो गर्भ पोचट नव्हता. कुठल्याही पाण्यात तो वर आला नसता. दादाही असाच होता. बारशाला आलेल्या बायका म्हणे त्याची दृष्ट काढून थकल्या होत्या.

दोन आणि चार नंबर मी पोटात घेणार नाही, हे मी बाकावर बसल्या बसल्याच ठरवलं होतं. त्याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. लोक विचारतात, मग तुझ्या दादालाही नको म्हटलं असतंस का? हा प्रश्न मी आईला विचारला. मला वाटलं होतं ती रडेल. ती रागावली. "त्याचं दुखनं म्या पायलं हाय. तू झोपत होती. माह्या पोराले नाई, त्याच्या दुखन्याले नाई म्हनतो आपन." मी यात माझं काही घालणार नाही. ज्या बाईने एकवीस हिवाळे शेक दिला, तिचा शब्द माझ्यापेक्षा मोठा आहे.

माझा गोंधळ वेगळा होता. तो एक, तीन आणि पाच नंबरचा होता.

डॉक्टरांनी पाच नंबरभोवती पेनाने गोल केला. "हाच आधी ठेवू. पुढच्या पिढीचाही प्रश्न मिटतो." मी विचारलं, वाढीच्या दृष्टीने तिघांत चांगला कुठला? तीन नंबर, मग एक, पाच थोडा मागे, असं उत्तर आलं. म्हणजे पोटात रुजण्याची शक्यता तीन नंबरची जास्त. वाहक गर्भ ठेवायला वैद्यकीय हरकत काहीच नाही, हेही त्यांनी मान्य केलं. मग तो दुसऱ्या रांगेत का? आजार टाळणं मला समजतं. पण वाहकाला आजार नसतो. तीन नंबर म्हणजे मीच की. माझ्यासारख्याच एकीला मी मागे सारणार, आणि कारण काय, तर तिच्याकडे कार्ड असेल? ज्या निरोपाने माझं लग्न मोडलं होतं तोच निरोप आता काचेच्या बशीतल्या शंभर पेशींना मी पाठवणार होते.

शिवाय ही प्रत आमच्याकडे आली कशी, तेही मी वाचलं होतं. १९५४ मध्ये ॲलिसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की सिकलच्या वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे जंगल, पाणी, डास आणि ताप, तिथे वाहक जास्त तगले. गडचिरोलीत आजही मलेरिया आहे. आमच्या पूर्वजांत तापाने माणसं जात होती तेव्हा जी उरली त्यांत वाहक पुष्कळ असणार. माझ्या रक्तातल्या त्या अक्षराने कोणा पणजीला एखाद्या पावसाळ्यातून पार नेलं असेल. त्याला नुसता डाग म्हणायला माझी जीभ वळत नाही.

नवऱ्याचं म्हणणं निराळं होतं आणि ते हलकं नव्हतं. उमरेड रोडवर एसटीत, दोघांत एक सीट मिळाली होती म्हणून तो उभा होता, आणि वाकून माझ्या कानाशी बोलत होता. "तुला जे ऐकावं लागलं ते आपल्या लेकराला कशाला? आपल्या हातात आहे तर सोपं करून देऊ." भिवापूर येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री आम्ही दोघंही जागे होतो. पहाटे मी म्हटलं, "गाव चुकतंय म्हणून आपण लेकरू बदलायचं का?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तीन नंबर कर."

इथे थोडं थांबून दुसरंही लिहायला हवं. 'टेस्ट करून मूल' हे गावात कळलं तेव्हा एकाही माणसाच्या मनात सिकल आला नाही. शेजारच्या काकू दारात येऊन हळूच म्हणाल्या, "पोट्टाच पाहून ठेवला असन ना वं?" पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या व्हरांड्यात, सगळीकडे हाच संशय. मला संताप आला, पण त्यांचं पूर्ण चुकलं असंही म्हणता येत नाही. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९८८ मध्ये केला, देशाने १९९४ मध्ये, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची निवडही त्यात आली. इतके कायदे उगाच झाले नाहीत. गर्भ तपासणं म्हणजे मुलगी काढणं, हे लोक आपल्या डोळ्यांनी पाहून शिकले आहेत. २०२१ चा आयव्हीएफचा कायदा सांगतो की गर्भाची तपासणी ठाऊक असलेल्या आनुवंशिक आजारासाठीच, लिंगासाठी नाही. आमच्या रिपोर्टवर लिंगाचा रकानाच नव्हता. मी काकूंना तो कागद दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "आतून सांगत असतीन." गंमत नाही, पण एक गोष्ट मला सारखी आठवते. १९९० मध्ये लंडनमध्ये ॲलन हँडिसाइड यांच्या चमूने गर्भ तपासून पहिली बाळं जन्माला आणली, तेव्हा त्यांनी मुलीच निवडल्या होत्या, कारण त्या घराण्यांतले आजार मुलग्यांनाच होणारे होते.

अमेरिकेत आता काही कंपन्या गर्भाच्या उंचीचा, बुद्धीचा अंदाज विकतात. उंची हजारो ठिकाणच्या बारीक फरकांनी ठरते, आणि ताटात काय पडतं त्यानेही. सिकल एका अक्षराने होतो. या दोन्हींना एकाच नावाने ओळखू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या थोड्या लोंब्या पाहिल्या, त्या जपल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. चारचौघांसारखं नाही म्हणून त्यांनी ते उपटून टाकलं असतं तर? पाच नंबरभोवतीचा तो पेनाचा गोल पाहताना मला त्या लोंब्या आठवल्या होत्या.

तीन नंबर रुजला नाही. डिसेंबर होता, दादाचा महिना. चौदाव्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट शून्याच्या जवळ आला. चांगला दिसणारा, तपासलेला गर्भही रुजेलच असं नसतं, हे त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. पण घरात सासूबाई ताट वाढताना म्हणाल्या, "डॉक्टर सांगे तो ठेवला असता तं." त्यांचाही जीव तुटत होता. तोवर साडेचार लाख गेले होते. नवऱ्याने पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं आणि माझी पोत गहाण होती. सरकारी शाळेतल्या मास्तरणीला हे कसंबसं झेपलं. रोवण्याच्या मजुरीवर जगणाऱ्या वाहक जोडप्यासाठी यातलं काहीच नाही. त्यातल्या बाईसाठी कार्डच आहे, आणि मोडलेली सोयरीक.

जानेवारीत माझ्या शाळेत सिकलसेलचं शिबिर झालं. १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी व्हायलाच हवी. पण निर्मूलन आजाराचं की आमचं, हे गावात कोणीतरी नीट समजावून सांगितलं पाहिजे. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, छोट्या नळीतल्या द्रावणात सोडतात, आणि नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. सातवीच्या एका मुलीच्या नळीमागच्या रेघा गेल्या. महिन्याने वाहक म्हणून पक्कं झालं. तिची आई शेतातून थेट आली, पाय चिखलाचे. "मॅडम, रजिस्टरात नका लिहू ना जी. पोरीचं कसं होईल?" मी माझ्या पर्समधून माझं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. "तुमचंबी?" मग बराच वेळ आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. जाताना तिने नाव लिहू दिलं. पुढे लग्न ठरताना मुलाचीही तपासणी मागायची हेही मी तिच्याकडून वदवून घेतलं.

एप्रिलमध्ये गर्भाचं दुसरं ट्रान्सफर ठरलं. एक आणि पाच नंबर उरले होते. या वेळी मी दमले होते. पाच म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असं मनात घेऊनच मी बसमध्ये चढले होते. फॉर्मवर नंबर लिहायची वेळ आली तेव्हा नवऱ्याने पेन घेतलं आणि एक लिहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. "तीन ठेवला म्हणून देवाने शिक्षा केली, असं तुला जन्मभर वाटायला नको," तो म्हणाला.

आता पाचवा महिना आहे. गर्भावरचा रिपोर्ट शंभर टक्के नसतो, म्हणून सोळाव्या आठवड्यानंतर पोटातलं पाणी काढून पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी कायद्याने ती तपासणी करता येते. वाहक, असंच आलं. आईला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, "मंजे आपल्यातलंच."

पोळ्याच्या आधी दवाखान्यातून मेसेज आला. गोठवलेल्या गर्भांना वर्ष झालं, फी भरा, नाहीतर फॉर्म भरून द्या. दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. पाच नंबरची फी लगेच भरली. दोन आणि चारच्या फॉर्मवर दोन चौकटी आहेत, नष्ट करणे किंवा संशोधनाला देणे. ते दोन्ही गर्भ मी कधीच वापरणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. फॉर्म पेटीत ठेवला आहे, दादाच्या कार्डाखाली. दोन्हींची एक वर्षाची फी परवा भरून आले.